प्रवासी विमानाच्या इंजिनाचा थ्रस्ट: कागदावरचा आकडा आणि मे महिन्यातलं चिकलठाणा

गोदाकाठ

अकरावीला न्यूटनचा तिसरा नियम आला की जेट इंजिनाचं उदाहरण येतंच, आणि मुलांचा पुढचा प्रश्न ठरलेला: "सर, मग रेटा (थ्रस्ट) किती?" इंटरनेटवर आकड्यांना तोटा नाही. पण एकाच जीई९० इंजिनाला एका ठिकाणी १,१५,००० पाउंड, दुसरीकडे ५१३ किलोन्यूटन, तिसरीकडे १,२७,९०० पाउंड असं लिहिलेलं असतं. मुलांच्या हातात कोणता आकडा द्यायचा?

आकडा नेमका कोणत्या परिस्थितीतला असतो, त्याचे हॉर्सपॉवर करता येतात का, आणि आपल्या चिकलठाणा (छत्रपती संभाजीनगर) विमानतळावरून मे महिन्यात भर दुपारी उडणाऱ्या ए३२० ला त्यातला किती वाट्याला येतो, एवढं जाणकारांनी सांगावं. आकडेमोडीसकट सांगितलंत तर फार बरं, म्हणजे फळ्यावर मांडता येईल.

मंजिरी_प

आधी एककं. १,००० पाउंड-बल म्हणजे ४.४५ किलोन्यूटन. १ किलोन्यूटन म्हणजे साधारण १०२ किलोग्रॅम-बल.

आता इंजिनं. जीई९०-११५बी हे बोईंग ७७७-३००ईआर वर असतं. त्याचं प्रमाणित थ्रस्ट १,१५,३०० पाउंड म्हणजे ५१३ किलोन्यूटन, पंख्याचा व्यास ३.२५ मीटर. ए३५०-१००० वरचं ट्रेंट एक्सडब्ल्यूबी-९७ हे ९७,००० पाउंडाचं (४३१ किलोन्यूटन), पंखा ३ मीटरचा. ए३८० ला चार इंजिनं, प्रत्येकी ३१० ते ३३० किलोन्यूटन. ७७७एक्स साठी बनवलेलं जीई९एक्स १,०५,००० पाउंडाच्या वर्गातलं आहे आणि त्याचा पंखा ३.४० मीटरचा, सगळ्यांत मोठा. आपल्याकडे नेहमी दिसणाऱ्या ए३२० वर दोन इंजिनं, प्रत्येकी सुमारे २७,००० पाउंड म्हणजे १२० किलोन्यूटन.

१,२७,९०० पाउंड हा आकडा डिसेंबर २००२ मधल्या जमिनीवरच्या चाचणीतला आहे. इंजिन मुद्दाम मर्यादेपलीकडे नेऊन पाहिलं होतं. नोव्हेंबर २०१७ मध्ये जीई९एक्स ने अशाच चाचणीत १,३४,३०० पाउंड (५९७ किलोन्यूटन) गाठून तो विक्रम मोडला. हे विक्रमाचे आकडे. विमानात बसवलेलं इंजिन एवढं कधीच देत नाही, नियंत्रण प्रणाली देऊच देत नाही. मुलांना प्रमाणित आकडा द्या.

आणि प्रमाणित आकडा समुद्रसपाटीचा, १०१३.२५ हेक्टोपास्कल दाबाचा, इंजिन जागच्या जागी उभं असतानाचा. तापमानाची अट जरा गुंतागुंतीची आहे, ती पुढे कुणीतरी सांगेलच.

तूरडाळ

५१३ किलोन्यूटन म्हणजे ५२ टन! म्हणजे इंजिन उभं केलं तर ५२ टन उचलंल का? आणि विमान तर साडेतीनशे टनाचं. दोन्ही मिळून १०४. बाकीचं कोण उचलतंय? कळना गेलं.

मंजिरी_प

@तूरडाळ, बाकीचं पंख उचलतात. इंजिनाचं काम वजन पेलण्याचं नाही, हवेचा अडथळा कापून पुढे रेटण्याचं आहे. ७७७-३००ईआर चं कमाल उड्डाण वजन ३५१.५ टन, म्हणजे ३,४४८ किलोन्यूटन. दोन इंजिनं मिळून १,०२६. गुणोत्तर ०.३०. ए३२० चं ७८ टनांना काढलंत तर २४० भागिले ७६५, म्हणजे ०.३१. चार इंजिनांचं ए३८० मात्र ०.२३ च्या आसपास येतं. हा फरक का, हे फार महत्त्वाचं आहे, पण त्याचं उत्तर एक इंजिन बंद पडण्याच्या हिशेबात दडलंय. रनवे_०९ यांनी ते लिहावं.

पंखा_आणि_पाती

सूत्र सोपं आहे: थ्रस्ट = दर सेकंदाला आत येणारी हवा × (बाहेर पडतानाचा वेग − विमानाचा वेग). नॉझलच्या तोंडाशी दाबाचा थोडा हिस्सा असतो, शाळेसाठी तो सोडून द्या.

ए३२० वरचं सीएफएम५६-५बी४ घ्या. टेकऑफला दर सेकंदाला सुमारे ४०७ किलो हवा गिळतं. विमान उभं, म्हणजे वजा करायचा वेग शून्य. १,२०,००० न्यूटन भागिले ४०७ = २९५ मीटर प्रति सेकंद. हा बाहेर पडणाऱ्या हवेचा सरासरी वेग. याच वेळी इंधन जळतं सेकंदाला १.१ किलोच्या आसपास, म्हणून सूत्रात इंधनाचं वस्तुमान धरलं नाही तरी बिघडत नाही.

या ४०७ पैकी गाभ्यात, म्हणजे कॉम्प्रेसर, ज्वलनकक्ष आणि टर्बाइनमधून फक्त ६० किलो जाते. उरलेली ३४५ किलोच्या वर हवा पंख्याने ढकललेली, गाभ्याच्या बाहेरून गेलेली. बायपास गुणोत्तर ५.७ म्हणतात ते हे. थ्रस्टचा मोठा वाटा या थंड हवेचा असतो. मागून निघणाऱ्या गरम झोतामुळे विमान पळतं ही समजूत मुलांच्या डोक्यातून काढायला हवी. गाभ्याचं मुख्य काम पंखा फिरवणं हे आहे.

तेवढाच रेटा मिळवायला थोडी हवा जोरात फेका किंवा जास्त हवा हळू फेका. दुसऱ्या पद्धतीत इंधन कमी लागतं, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते आणि रेटा फक्त वेगाच्या पटीत. म्हणून ए३२० निओ वर आलेल्या लीप-१ए चा पंखा १.९८ मीटरचा आहे आणि जुन्या सीएफएम५६-५बी चा १.७३५ मीटरचा होता. क्षेत्रफळ ३० टक्के वाढलं, रेटा तोच १२०. प्रॅट अँड व्हिटनीच्या पीडब्ल्यू११०० जी मध्ये पंखा २.०६ मीटरचा. एवढी लांब पाती टर्बाइनच्या वेगाने फिरवली तर टोकं ध्वनीच्या वेगाच्या फार वर जातात, म्हणून मध्ये साधारण तीनास एक असा गिअरबॉक्स घातलाय.

बालाघाट

सूत्रात विमानाचा वेग वजा होतो म्हणता. मग हवेत थ्रस्ट कमी व्हायला पाहिजे. पुस्तकात तर लिहिलेलं असतं की जेटचा थ्रस्ट वेगाबरोबर फारसा बदलत नाही. दोन्ही कसं खरं?

पंखा_आणि_पाती

पुस्तकातलं वाक्य जुन्या टर्बोजेटला (मोठा पंखा नसलेल्या इंजिनाला) लागू. तिथे झोताचा वेग इतका जास्त की त्यातून विमानाचा वेग वजा केला तरी फार फरक पडत नाही, आणि समोरून हवा आदळल्यामुळे आत येणारं वस्तुमान वाढतं, तेवढी भरपाई होते.

आजच्या मोठ्या पंख्याच्या इंजिनात झोतच हळू. २९५ मधून धावपट्टीवरचे ७५ वजा केले की २२० उरतात, म्हणजे तीन चतुर्थांश. आत येणारी हवा थोडी वाढते, ते धरून जमीन सोडताना साधारण ८० टक्के. १२० चं इंजिन प्रत्यक्ष उडताना ९५ च्या घरात असतं.

तूरडाळ

हॉर्सपॉवरचं काय झालं मग? आमच्याकडं यंत्र म्हणलं की पहिलं एचपी विचारतेत.

मंजिरी_प

ब्रेक लावून उभ्या असलेल्या विमानाचं इंजिन पूर्ण जोरात चालवलं तर थ्रस्ट १२० किलोन्यूटन, आणि विमान पुढे नेण्याची उपयोगी शक्ती शून्य. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग, आणि वेग नाही. म्हणून जेट इंजिनाच्या पाटीवर एचपी लिहीत नाहीत. ट्रॅक्टरचंच बघा. पाटीवर ५० एचपी असते, पण नांगर जमिनीत रुतल्यावर कामाला येते ती ओढ, आणि ती गिअरप्रमाणे बदलते.

वेग दिला की शक्ती काढता येते. ए३२०, वजन ६५ टन, ३६,००० फुटांवर ०.७८ माख (ध्वनीच्या वेगाच्या ०.७८ पट) म्हणजे २३० मीटर प्रति सेकंद. लिफ्ट (पंखांची उचल) आणि ड्रॅग (हवेचा अडथळा) यांचं गुणोत्तर १७ धरा. ६३८ किलोन्यूटन भागिले १७ = ३७.५. प्रत्येक इंजिनाच्या वाट्याला १९ किलोन्यूटनही नाहीत. गुणिले २३० = ४.३ मेगावॉट, म्हणजे ५,८०० एचपीच्या आसपास.

यातली खरी गोष्ट एचपीची नाही. १२० चं म्हणून विकलेलं इंजिन प्रवासाचा बहुतेक वेळ १९ वर चालतं, सहाव्या हिश्श्यावर. वर हवा विरळ असते, त्यामुळे त्या उंचीवर इंजिनाची कुवतही तेवढीच खाली आलेली असते. १९ म्हणजे तिथे आरामात चाललंय असं नाही.

एटीआर ७२ सारख्या प्रॉपेलरच्या विमानाला मात्र एचपीच सांगतात, प्रत्येक इंजिन सुमारे २,५०० चं, कारण तिथे इंजिन दांडा फिरवून देतं आणि रेटा प्रॉपेलर निर्माण करतो.

रनवे_०९

आता मूळ प्रश्नातलं चिकलठाणा. धावपट्टी ०९/२७, लांबी २,८०० मीटरच्या थोडी वर, समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ५८० मीटर. मे महिन्यात दुपारी ४२ अंश धरा.

हवेचा दाब साधारण ९४५ हेक्टोपास्कल, म्हणजे समुद्रसपाटीच्या ९३ टक्के. घनता = ९४,५०० भागिले (२८७ × ३१५) = १.०४५ किलो प्रति घनमीटर. प्रमाण घनता १.२२५. हवा १५ टक्के पातळ. विमानाच्या लेखी धावपट्टी ५८० मीटरवर नसून १,६०० ते १,७०० मीटरवर आहे.

पण म्हणून थ्रस्ट सरळ १५ टक्के घटतो असं धरू नका. हीच चूक सगळीकडे दिसते. इंजिनं 'फ्लॅट रेटेड' असतात. एका ठराविक तापमानापर्यंत नियंत्रण प्रणाली जास्त इंधन देऊन, पंखा जास्त फिरवून ठरलेला थ्रस्ट टिकवते. त्या तापमानानंतर टर्बाइनची उष्णतेची मर्यादा आड येते आणि थ्रस्ट उतरायला लागतो, साधारण दर अंशाला अर्धा ते एक टक्का.

ही मर्यादा इंजिनागणिक वेगळी. ७३७ वरच्या सीएफएम५६-७बी ला समुद्रसपाटीवर ३० अंश. ए३२० वरच्या ५बी४ ला ४५ च्या आसपास. कारण तेच यंत्र ए३२१ वर ३२-३३ हजार पाउंडांना चालतं, ए३२० साठी २७ हजारांवर रोखून धरलेलं असतं, म्हणून हात राखून असतं. फरक यंत्रात नसून इंजिनाच्या संगणकाला लावलेल्या छोट्या डेटा प्लगमध्ये.

उंची वाढली की ही मर्यादाही दर १,००० फुटांना दोन अंशांनी उतरते. चिकलठाण्याला ४५ चे ४१ होतात, ३० चे २६. म्हणजे ४२ अंशांना ए३२० जेमतेम काठावर, आणि ३० वालं इंजिन असेल तर मर्यादेच्या १६ अंश पलीकडे.

दाबाची घट मात्र चुकत नाही. पंख्याचा तापमानानुसार सुधारलेला वेग तोच ठेवला तर थ्रस्ट दाबाच्या प्रमाणात: १२० × ०.९३ = ११२ किलोन्यूटन, विमान उभं असताना. @गोदाकाठ, फळ्यावर हा आकडा लिहा, 'अंदाजे' म्हणून.

खाम_नदी

फक्त ७ टक्के घट? मग उन्हाळ्यात दुपारच्या फ्लाइटचं एवढं का बोलतात?

रनवे_०९

कारण मार दोन बाजूंनी बसतो. थ्रस्ट ७ टक्के कमी झाला, आणि पंखांनाही तीच पातळ हवा. तेवढीच लिफ्ट हवी तर जमिनीवरचा वेग √(१.२२५/१.०४५) = १.०८ पट लागतो. १४५ नॉटला उचलायचं विमान प्रत्यक्षात १५७ नॉटने धावत असतं. अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतं, १.१७ पट. प्रवेग ७ ते ९ टक्के कमी. दोन्ही मिळून धाव पाव पटीहून जास्त लांबते. आणि उड्डाण रद्द करावं लागलं तर ब्रेकना १७ टक्के जास्त ऊर्जा पचवावी लागते, तीही आधीच तापलेल्या चाकांनी.

एवढं असूनही चिकलठाण्याच्या लांबीत ए३२० ला धावपट्टी सहसा कमी पडत नाही. कस लागतो तो चढाईत, तेही एक इंजिन गेल्यावर. मंजिरीताईंनी विचारलेला मुद्दा इथेच येतो. नियम असा: दोन इंजिनांच्या विमानाने चाकं आत घेतल्यावर एकाच इंजिनावर किमान २.४ टक्के चढण धरलीच पाहिजे. चार इंजिनांच्या विमानाला ३ टक्के, पण त्याचा एका इंजिनासोबत चौथाच हिस्सा जातो. दोनवाल्याचा निम्मा जातो. म्हणून दोन इंजिनांच्या विमानाला वजनाच्या मानाने जास्त थ्रस्ट द्यावाच लागतो.

७८ टनांच्या ए३२० चा हिशेब करा. वजन ७६५ किलोन्यूटन. फ्लॅप (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्या) थोडे बाहेर, लिफ्ट-ड्रॅग गुणोत्तर १२ धरा: ड्रॅग ६४. चढणीसाठी ०.०२४ × ७६५ = १८. एकूण ८२ किलोन्यूटन, एका इंजिनाकडून. समुद्रसपाटीवर हलत्या विमानात ते ९५ देतं, १३ शिल्लक. चिकलठाण्याला ४२ अंशांत ११२ च्या ७८-८० टक्के, म्हणजे ८७ ते ८९. शिल्लक ५ ते ७. पारा आणखी चढला किंवा इंजिन ३० अंशांच्या मर्यादेचं असलं तर ही शिल्लक संपते, आणि मग एकच उपाय: वजन कमी. आधी माल उतरतो, मग इंधनाचा हिशेब, शेवटी प्रवासी. मुंबई-दिल्लीच्या फेऱ्यांना विमान ७८ टनांचं नसतं, म्हणून सहसा वेळ येत नाही.

औंढेकर

मग नांदेडचं गणितही टाका की. आमच्याकडं ४३ सहज जातं.

रनवे_०९

नांदेड खाली आहे, ३८० मीटरच्या आसपास. दाब ९६८, ४३ अंशांना घनता १.०६७, म्हणजे १३ टक्के पातळ. ऊन जास्त असूनही चिकलठाण्यापेक्षा हवा किंचित दाट. लहान विमान, समजा एम्ब्रेअर १७५, घेतलं तर त्याची इंजिनं लहान, प्रत्येकी ६३ किलोन्यूटनच्या आसपास, पण विमानही ४० टनांच्या आतलं. गुणोत्तर पुन्हा ०.३२ च्या पुढेच येतं. यंत्र लहान असो वा मोठं, दोन इंजिनं म्हटलं की नियम त्याला ०.३ च्या आसपास आणून उभं करतो.

खाम_नदी

१९९३ च्या अपघाताबद्दल शहरात अजून बोललं जातं की उन्हामुळे इंजिनाला जोर मिळाला नाही. त्यात तथ्य आहे?

रनवे_०९

२६ एप्रिल १९९३, दुपारी एकच्या सुमारास. बोईंग ७३७-२००, विमानात ११८ जण. धावपट्टीपलीकडच्या बीड रस्त्यावर गाठींनी भरलेला कापसाचा ट्रक होता. विमानाचं डावं मुख्य चाक आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग त्याला लागला, पुढे विमान उच्चदाबाच्या तारांना धडकून कोसळलं. ५५ जण गेले.

चौकशीचा निष्कर्ष स्पष्ट आहे: विमान उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचललं गेलं, आणि उड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरची वाहतूक नियंत्रित केलेली नव्हती. कारण म्हणून थ्रस्ट कमी पडल्याचं त्यात नाही. दुपारच्या उन्हात धाव लांबते हे खरंच, पण ते आधीच हिशेबात धरलेलं असतं. हिशेबात धरता येत नाही ते काही सेकंदांचा उशीर आणि रस्त्यावरचा ट्रक. ज्यांची माणसं गेली ती कुटुंबं याच शहरांत आहेत, म्हणून कारण बरोबर सांगितलं जावं.

बालाघाट

पटलं. आता दुसरी शंका. वैमानिक बऱ्याचदा मुद्दाम कमी थ्रस्टवर उडतात असं वाचलं. एवढी शिल्लक कमी असताना हे कामून करायचं? पैसे वाचवायला?

रनवे_०९

टर्बाइनचं आयुष्य वाचवायला, आणि त्यात सुरक्षाही आहे. पद्धत अशी: आजचं वजन, धावपट्टी आणि वारा पाहून संगणकाला विचारायचं, किती तापमानापर्यंत हे विमान सगळ्या नियमांत बसून उडालं असतं? समजा उत्तर आलं ५५ अंश. बाहेर आहेत २८. इंजिनाला ५५ अंश सांगायचं, ते ५५ ला जेवढा थ्रस्ट मिळाला असता तेवढाच देतं. एअरबसमध्ये याला फ्लेक्स म्हणतात, बोईंगमध्ये अझ्युम्ड टेम्परेचर. पूर्ण थ्रस्टच्या २५ टक्क्यांपेक्षा जास्त कपात करता येत नाही.

हवा खरी २८ अंशांची, म्हणजे हिशेबापेक्षा दाट. त्यामुळे प्रत्यक्ष वेग कमी लागतो, धाव हिशेबापेक्षा आखूड होते. इंजिन गेल्यावरची २.४ टक्के चढणही कपात केलेल्या थ्रस्टवर तपासलेली असते. आणि थ्रस्टचा लिव्हर पुढे ढकलला की पूर्ण थ्रस्ट हजर.

मे महिन्यात दुपारी बाहेरच ४२ असले की ४२ आणि ५५ मधली जागा उरतेच किती? त्यामुळे कपात आपोआप लहान होते. धावपट्टीवर ३ मिलिमीटरपेक्षा जास्त पाणी साचलं असेल किंवा विंडशिअरचा (वाऱ्याचा वेग-दिशा अचानक बदलण्याचा) इशारा असेल तर फ्लेक्स वापरतच नाहीत. आपल्याकडे मृगाच्या वादळी पावसात हे दोन्ही एकदम येतं.

डिरेट वेगळा, त्याची गल्लत करू नका. डिरेटमध्ये इंजिन जणू लहानच आहे असं धरून सगळा हिशेब होतो, जमिनीवर विमान सरळ ठेवता येण्याचा किमान वेगही त्याच थ्रस्टवर काढलेला असतो. तिथे एक इंजिन गेल्यावर कमी वेगात दुसरं पूर्ण दाबलं तर नाक एका बाजूला ओढलं जाऊ शकतं.

पंखा_आणि_पाती

टर्बाइनचं आयुष्य म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळं तिथेच अडतं. ज्वलनकक्षातून निघणारा वायू १,५०० अंशांच्या वर असतो, पात्यांचा निकेलचा मिश्रधातू त्याच्या कितीतरी आधी वितळतो. पाती टिकतात ती आतल्या पोकळ वाटांतून फिरवलेल्या हवेमुळे, पृष्ठभागावरच्या बारीक छिद्रांतून पसरणाऱ्या हवेच्या थरामुळे आणि वरच्या सिरॅमिकच्या लेपामुळे.

कॉकपिटमध्ये दिसतं ते एक्झॉस्टचं तापमान, ईजीटी. सीएफएम५६-५बी ला टेकऑफची लाल रेघ, म्हणजे कमाल मर्यादा, ९५० अंश. इंजिन पूर्ण थ्रस्टला जेवढं तापतं आणि लाल रेघ यांतलं अंतर म्हणजे ईजीटी मार्जिन. फ्लॅट रेटिंगच्या मर्यादेपर्यंत बाहेर एक अंश वाढला की ईजीटी तीनेक अंशांनी वाढतो. इंजिन जुनं होतं तसं हे मार्जिन झिजतं आणि सगळ्यात आधी मे महिन्यात दुपारी उघडं पडतं. जानेवारीत सकाळी तेच इंजिन ठणठणीत दिसतं.

झिजतं कशाने? पात्यांची टोकं आणि बाहेरचं कडं यांतली फट वाढते. कॉम्प्रेसरच्या पात्यांच्या पुढच्या कडा धुळीने बोथट होतात. आणि पात्यांवर धूळ-तेलाचा थर बसतो. पहिली दोन कारणं कारखान्यातच दुरुस्त होतात. तिसऱ्यावर उपाय विमानतळावर करता येतो: वॉटर वॉश.

इंजिन आधी पुरेसं थंड होऊ द्यायचं. केबिनला हवा देणाऱ्या ब्लीड झडपा आणि एसीचे पॅक बंद. मग इंधन न देता फक्त स्टार्टरने इंजिन फिरवायचं आणि पंख्याच्या मुळाशी, गाभ्याच्या तोंडात क्षाररहित पाणी फवारायचं. थोडं थांबून पुन्हा. स्टार्टरला किती वेळ चालवायचा आणि किती वेळ विश्रांती द्यायची याची मर्यादा मॅन्युअलमध्ये दिलेली असते, ती मोडली की स्टार्टर जळतो. शेवटी पाणी निथळू देऊन इंजिन सुरू करून वाळवायचं.

चुकतं कुठे? नॉझल बाहेरच्या बाजूला सरकला तर पाणी बायपासमधून निघून जातं आणि गाभा कोरडाच राहतो. ब्लीड झडप उघडी राहिली तर ओलावा एसीच्या वाहिन्यांत जातो. साबणाचं द्रावण वापरून नीट खळबळलं नाही तर पुढच्या उड्डाणात केबिनभर वास. आणि बोअरचं कडक पाणी चालत नाही, क्षार पात्यांवर बसतात. आपल्या भागात हे आवर्जून सांगावं लागतं.

तूरडाळ

विमानाला पण आरओचंच पाणी लागतं म्हणा :) बरं, उडत्या विमानात थ्रस्ट मोजतेत कसा? काटा असतो का?

मंजिरी_प

काटा नसतो. थ्रस्ट थेट मोजला जातो तो फक्त चाचणीकक्षात. इंजिन एका चौकटीला टांगलेलं असतं, ती चौकट किंचित पुढे सरकू शकते आणि बल मोजणाऱ्या लोडसेलवर रेटते. तोंडाशी घंटेच्या आकाराचा प्रवेशमार्ग लावतात म्हणजे हवा गडबड न होता आत जाते. त्या दिवशीचा दाब आणि तापमान नोंदवून आकडा प्रमाण दिवसाला सुधारून घेतात. कक्षातली हवा स्वतःच इंजिनाकडे वाहत असते, त्याचीही वेगळी दुरुस्ती करावी लागते.

विमानात थ्रस्ट अप्रत्यक्ष कळतो. सीएफएम आणि जीई च्या इंजिनांत पंख्याच्या वेगावरून, म्हणजे एन१. व्ही२५०० सारख्या इंजिनात मागच्या आणि पुढच्या दाबाच्या गुणोत्तरावरून, ईपीआर. ईपीआर ला पुढच्या दाबाची नळी लागते, आणि ती बुजली तर आकडा खोटा येतो. १३ जानेवारी १९८२ ला वॉशिंग्टनमध्ये बर्फवृष्टीत हेच झालं. इंजिनाचं बर्फरोधक बंद होतं, नळी गोठली, काटा २.०४ दाखवत होता आणि खरा आकडा १.७० च्या आसपास. विमान जेमतेम उचललं, पुलावर आदळून पोटोमॅक नदीत गेलं. ७८ जणांचा जीव गेला. त्याच पॅनेलवरचा एन१ चा काटा कमी वेग दाखवत होता. म्हणून दोन्ही आकडे एकमेकांशी ताडून पाहायचे असतात.

औंढेकर

एसी बंद करून टेकऑफ घेतात म्हणे उन्हाळ्यात, ते खरं का?

रनवे_०९

खरं आहे, गरज पडली तर. पॅकना लागणारी हवा कॉम्प्रेसरमधून काढलेली असते. ती काढली नाही की त्याच ईजीटी ला थोडा जास्त थ्रस्ट मिळतो, आणि काठावरच्या हिशेबात त्यातून काही शे किलो वजन जास्त नेता येतं. केबिन तापू द्यायची नसेल तर शेपटीतल्या एपीयूची (छोट्या जादा इंजिनाची) हवा पॅकना देतात, इंजिनं मोकळी राहतात. ७८७ मध्ये हा प्रश्नच नाही, तिथे केबिनची हवा विजेच्या कॉम्प्रेसरमधून येते.

गोदाकाठ

मन भरलं. वर्गासाठी गणित असं मांडतो: "इंजिन दर सेकंदाला ४०७ किलो हवा घेते आणि सरासरी २९५ मीटर प्रति सेकंद वेगाने मागे फेकते. (अ) विमान स्थिर असताना थ्रस्ट काढा. (आ) विमानाचा वेग ७५ मीटर प्रति सेकंद असताना काढा. (इ) हवेचा दाब ९३ टक्के झाल्यास (अ) चे उत्तर किती होईल?" काही राहिलं का?

पंखा_आणि_पाती

(आ) मध्ये "हवेचे वस्तुमान आणि बाहेर पडण्याचा वेग तेवढाच राहतो असे माना" हे लिहा. उत्तर ८९.५ येईल, खरं ९५ च्या जवळ असतं, आणि हुशार पोरगं फरक विचारेलच. तेव्हा समोरून आदळणाऱ्या हवेचं सांगा. (इ) मध्ये "पंख्याचा सुधारलेला वेग तोच" ही अट घाला, नाहीतर तापमान कुठे गेलं म्हणून पोरं भांडतील.

मंजिरी_प

आणि (ई) जोडा: ७८ टनांचं विमान एका इंजिनावर २.४ टक्के चढायला किती थ्रस्ट लागेल, ड्रॅग ६४ किलोन्यूटन धरून. उत्तर किलोन्यूटनमध्येच मागा. टनांत मागितलं की निम्मी मुलं वजन आणि वस्तुमानात घोळ घालतात.